मालमोटारीतील शेवटची पेटी

गेल्या वैशाखात माझी बंगळूरहून नागपूरला बदली झाली. सरकारी नोकराच्या घरी बदली ही अधिक महिन्यासारखी असते. तीन वर्षे होत आली की ती येणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही ती आली म्हणजे घरात धांदल उडतेच. आमचे बिऱ्हाड मारतहळ्ळीला होते. हे नाव ऐकून साताऱ्याकडील आमच्या आप्तांना ती मराठ्यांची एखादी जुनी वसाहत असावी असे वाटे. तसे काही आम्हांला तेथे आढळले नाही. हळ्ळी म्हणजे खेडे. पण खेडेपणाची खूण आता नावापुरतीच उरली आहे. एकीकडे जुन्या विमानतळाचा रस्ता, दुसरीकडे शहराला वेढणारा बाह्य वर्तुळमार्ग, दोहोंच्या सांध्यावर सदा गजबजलेला पूल, आणि भोवती उंचच उंच इमारती. येथे राहणारा बहुतेक प्रत्येकजण कोठून तरी आलेला असतो आणि पुष्कळदा कोठे तरी जावयाचा असतो. त्यामुळे महिन्याच्या अखेरीस एखाद्या तरी दाराशी घरसामानाची मालमोटार उभी नाही, असा दिवस विरळा.

तशी ती आमच्याही दाराशी उभी राहिली, आणि त्या दिवशी जे घडले त्यामुळे गणिताच्या एका शाखेकडे माझे लक्ष गेले. गणित हा माझा विषय नव्हे. मी अर्थशास्त्राचा एम. ए., आणि तोही वीस वर्षांपूर्वीचा. परंतु ज्या प्रश्नाने आपली फजिती केली त्याचे मूळ शोधावे, एवढी जिज्ञासा कचेरीत वीस वर्षे घालवूनही माझ्यात शिल्लक आहे, असे समजा.

मी सरकारी शिस्तीने सामानाची यादी केली होती. एकूण ४१ नग. प्रत्येकाची लांबी, रुंदी व उंची टेपने मोजून घनफळ काढले. बेरीज भरली ४३० घनफूट. मोटारीचा आतील भाग चौदा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच, म्हणजे ५०४ घनफूट. चौऱ्याहत्तर घनफूट जागा शिल्लक! वजनाची तर चिंताच नव्हती. बदली-भत्त्याच्या केंद्रीय नियमांप्रमाणे माझ्या दर्जाच्या अधिकाऱ्यास ६००० किलोपर्यंत घरसामान नेता येते, आणि आमचे सामान त्याच्या निम्मेही नव्हते. नियम किलो मोजतो. मोटार मात्र किलोंनी भरण्याच्या आधी फुटांनी भरते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. माझ्या तरी आली नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास मोटार भरली. खाली राहिले तीन नग : पुस्तकांची दोन खोकी आणि माझ्या आईच्या तंबोऱ्याची पेटी. हा तंबोरा मिरजेचा, आईच्या लग्नाआधीचा. पेटी साडेचार फूट लांब, भोपळ्याच्या बाजूस पावणेदोन फूट रुंद, आणि तिच्यावर दुसरे काही ठेवावयाचे नाही अशी अट. मोटारीत दाराशी एक फूट रुंदीची उभी फट उरली होती, आणि मधून-मधून लहानमोठ्या अनेक पोकळ्या होत्या. त्या पोकळ्यांची बेरीज पेटीच्या घनफळाच्या कितीतरी पट होती. पण पेटी काही तुकडे करून भरता येत नाही. आई खुर्ची घेऊन पेटीशेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, "तंबोरा मागे राहणार असेल, तर मीही येथेच राहते. तुम्ही पुढे व्हा."

मी हमालांच्या मुकादमाला माझा हिशेबाचा कागद दाखविला. हा गृहस्थ बेळगावकडचा, मराठी बोलणारा. त्याने कागद आदराने पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "साहेब, हिशेब तुमचा बरोबर हाय. पर पेट्या म्हंजे पानी न्हवं, भांड्यात वतलं की बसलं. क्रम चुकला आमचा. सगळं खाली काढावं लागंल." चार वाजता मोटार आवाराबाहेर गेलीच पाहिजे, असा इमारतीचा दंडक होता. म्हणजे पुन्हा भरण्याची संधी एकदाच. ती दवडली तर दुसरी मोटार, किंवा आईची समजूत. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक महाग पडली असती.

त्या पेटीचे काय झाले ते मी पुढे सांगेन. आधी मुकादमाच्या त्या एका शब्दाकडे, 'क्रम' या शब्दाकडे, वळतो.

प्रश्न सोपा करून पाहू. लांबी, रुंदी, उंची हे सारे विसरून जाऊ आणि फक्त वजन धरू. एका खोक्यात दहा किलो मावतात. आपल्याजवळ चार, चार, सहा आणि सहा किलोंचे चार जिन्नस आहेत. हाती येईल तो जिन्नस ज्या पहिल्या खोक्यात मावेल त्यात टाकावयाचा, अशी रीत धरली तर चार आणि चार एका खोक्यात जातात. मग पहिल्या सहाला दुसरे खोके, दुसऱ्या सहाला तिसरे. तीन खोकी लागली. हेच जिन्नस मोठ्यापासून लहानाकडे घेतले, तर सहाशेजारी चार, सहाशेजारी चार, आणि दोन खोक्यांत काम आटोपते. जिन्नस तेच, खोकी तीच, रीतही तीच. केवळ क्रम बदलला आणि एक खोके वाचले. खोक्याच्या जागी मालमोटार घ्या, कापडाचा तागा घ्या, कागदाची गुंडाळी घ्या, प्रश्न बदलत नाही. आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेतही हाच प्रश्न आहे : वार्ता, भाषणे आणि गाणी यांची मिनिटे ठरावीक अवधीत बसवावयाची. माझ्या या भाषणातील दोन परिच्छेद त्याच कारणाने गळले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग सगळे क्रम करून पाहावेत आणि त्यांतील उत्तम तो निवडावा, असे कोणी म्हणेल. वीस जिन्नसांचे किती क्रम होतात? सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारे यंत्र लावले, तरी त्याला सुमारे ७७ वर्षे लागतील. जिन्नस पंचवीस केले तर सुमारे ४९ कोटी वर्षे. माझे नग होते ४१, आणि मुदत चार वाजेपर्यंतची. अर्थात चतुर माणूस सगळे क्रम तपासणार नाही. पुष्कळसे निरर्थक क्रम टाळता येतात, आणि आजची यंत्रे शेकडो जिन्नसांचे प्रश्नही अनेकदा नेमके सोडवितात. पण 'अनेकदा' आणि 'नेहमी' यांत अंतर आहे. प्रत्येक वेळी, कोणत्याही जिन्नसांसाठी, मर्यादित वेळात उत्तम उत्तर देईल अशी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

ती का सापडत नसावी हे समजण्यास आपल्या गावाकडचे एक उदाहरण पुरे आहे. दोन भाऊ विभक्त होत आहेत आणि तांब्यापितळेची भांडी वजनाने वाटून घ्यावयाची आहेत. भांडे कापावयाचे नाही. नेमकी निम्मी-निम्मी वाटणी होईल का? आता प्रत्येक भावाला एक खोके द्या, आणि खोक्याची क्षमता एकूण वजनाच्या बरोबर निम्मी ठेवा. भांडी दोन खोक्यांत बसली तर वाटणी झाली. तिसरे खोके लागले तर ती होत नाही. म्हणजे खोकी भरण्याचा प्रश्न जो झटपट आणि अचूक सोडवील, त्याने भाऊबंदांच्या वाटण्यांचे सारे तंटे, वजनापुरते तरी, मिटविले म्हणावयाचे. रिचर्ड कार्प या अमेरिकन गणितज्ञाने १९७२ साली असे एकवीस कठीण प्रश्न एकमेकांशी जोडून दाखविले. त्यांत ही वाटणीही होती. यांतील एक सुटला तर सारे सुटतील, आणि एक खरोखर असाध्य ठरला तर सारे असाध्य. बहुतेक तज्ज्ञांचा कौल 'असाध्य' असा आहे. पण तो कौल आहे, सिद्धता नव्हे. ती देणाऱ्यासाठी २००० सालापासून दहा लाख डॉलरांचे पारितोषिक वाट पाहत आहे.

उत्तम उत्तर मिळत नाही, तर मग काय करावे? जवळचे उत्तर घ्यावे. यात नवे काही नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ असा दिला आणि त्याला 'आसन्न' म्हटले. आसन्न म्हणजे जवळ बसलेला. नेमका नव्हे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्या एका शब्दात आहे. पण 'जवळ' म्हणजे किती जवळ? आम्ही कचेरीत कागदावर 'शक्य तितक्या लवकर' असा शेरा मारतो. तो खोटा नसतो. पण त्याला कोठे सीमा नसते, आणि म्हणून ज्याचे काम अडलेले आहे त्याला त्याचा काही उपयोग नसतो. या शाखेतील गणितज्ञांचे कर्तृत्व मला यात वाटते की त्यांनी 'जवळ' या शब्दाला सीमा घातली. माझे उत्तर उत्तम नसेल, पण उत्तम उत्तराच्या इतक्या पटींहून ते कधीही वाईट नसेल, अशी लेखी हमी ते देतात.

येथे एक शंका मला बरेच दिवस छळीत होती. उत्तम उत्तर जर माहीतच नाही, तर आपण त्याच्यापासून किती दूर आहोत हे कोणी कसे सांगावे? मुक्काम ठाऊक नसताना अंतर कसे मोजावे? याचे समाधान ज्या युक्तिवादाने झाले तो इतका साधा आहे की तो आकाशवाणीवरूनही सांगता यावा. समजा, एक अगदी आळशी हमाल आहे. तो एका मोटारीत माल भरीत जातो. पुढचा नग मावला नाही की ती मोटार बंद करतो, तो नग दुसऱ्या मोटारीत टाकतो आणि मागे वळून पाहत नाही. अशा हमालाने शंभर मोटारी वापरल्या. आता लागोपाठच्या कोणत्याही दोन मोटारी घ्या. दुसरीचा पहिला नग पहिलीत मावला नाही, म्हणूनच दुसरी उघडली गेली. तेव्हा त्या दोहोंतील माल मिळून एका मोटारीहून अधिकच असला पाहिजे. शंभर मोटारींच्या पन्नास जोड्या. म्हणजे एकूण माल पन्नास मोटारींहून अधिक आहे. जगातला सर्वांत चतुर हमाल आणला तरी त्याला किमान एक्कावन्न मोटारी लागतीलच. उत्तम उत्तर काय हे आपल्याला अजूनही माहीत नाही. पण आळशी हमाल त्याच्या दुपटीपलीकडे गेलेला नाही, हे मात्र निश्चित झाले. उत्तम उत्तराकडे न पाहता त्याच्याखाली एक मजबूत जमीन शोधावयाची आणि त्या जमिनीपासून मोजावयाचे, ही ती युक्ती आहे.

आळशाने दुप्पट गाठली. मग थोडा उद्योगी हमाल काय करील? जो प्रत्येक नगासाठी आधीच्या सर्व मोटारी पुन्हा पाहतो आणि जेथे प्रथम मावेल तेथे तो ठेवतो, त्याची हमी १.७ पट आहे : जेथे शंभर पुरत्या तेथे त्याला १७० हून अधिक कधी लागणार नाहीत. आणि जो आधी सारे नग मोठ्यापासून लहानापर्यंत लावून घेतो, म्हणजे आमचा मुकादम जे म्हणत होता तेच करतो, त्याची हमी डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३ साली आपल्या प्रबंधात सिद्ध केली. ती अशी की नवांच्या जागी अकरा, आणि वर फार तर चार मोटारींची ढील. ही सिद्धता भलतीच लांब होती. पुढच्यांनी ती आखूड करीत आणली, आणि वरची ती ढील चारावरून तीनावर, तीनावरून एकावर आणली. अखेर २००७ साली ग्यॉर्गी डोशा या हंगेरियन गणितज्ञाने ती दोन-तृतीयांशावर आणून ठेवली आणि याहून कमी ती होऊच शकत नाही हेही दाखविले. जेथे नव्वद मोटारी पुरत्या तेथे या रीतीला ११० हून अधिक लागणार नाहीत, एवढे वाक्य शेवटच्या अंकापर्यंत खरे करण्यास चौतीस वर्षे लागली. हमाल तर ते कित्येक पिढ्या करीतच होते.

ही रीत चुकते कशी, तेही पाहण्याजोगे आहे. दहा किलोंचे खोके, आणि जिन्नस दोन चारांचे व चार तिनांचे. मोठे आधी म्हणून चार आणि चार एकत्र बसतात. दोन किलोंची जागा वाया जाते. मग तीन, तीन, तीन. एक किलो वाया. शेवटच्या तिनाला तिसरे खोके. वास्तविक एका चाराबरोबर दोन तीन ठेवले असते, तर दोन्ही खोकी काठोकाठ भरली असती. मोठ्यांना आधी मान देण्याचा नियम चांगला. पण दोन मोठे एकत्र बसले की लहानांची जागा जाते, हा अनुभव खोक्यांपुरताच नाही.

आता आपल्या ओळखीच्या आडनावाचे एक गृहस्थ या कथेत येतात. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरला जन्मले, मुंबईच्या आय. आय. टी.तून १९७८ साली पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे वर उल्लेखिलेल्या कार्प यांचे विद्यार्थी झाले. १९८४ साली त्यांनी रेषीय नियोजनाची जी रीत शोधली, तिने त्यांचे नाव जगभर झाले. त्या तेजात त्यांचे आधीचे एक काम झाकले गेले आहे, आणि मला ते अधिक जवळचे वाटते. १९८२ साली करमरकर आणि कार्प यांनी खोकी भरण्याच्या प्रश्नावर अशी रीत दिली की उत्तम उत्तराहून ज्या काही जादा मोटारी लागतील, त्या मोटारींच्या संख्येच्या प्रमाणात न वाढता त्या संख्येत जितके अंक असतात त्यांच्या वर्गाच्या प्रमाणातच वाढतील. मोटारी शंभराच्या दहा हजार झाल्या तरी अंक दोनच वाढतात. म्हणजे काम जितके मोठे तितकी चूक त्याच्या मानाने क्षुल्लक.

हे त्यांनी कसे साधले? स्थूलमानाने असे. जवळजवळ सारख्या आकाराच्या नगांचे गट करावयाचे आणि गटातील प्रत्येक नग त्या गटातील सर्वांत मोठ्याएवढा आहे असे धरावयाचे. त्यामुळे थोडी जागा फुकट जाते, पण नगांचे प्रकार मूठभर उरतात. मग 'अशा प्रकारे भरलेल्या साडेतीन मोटारी, तशा प्रकारे भरलेल्या सव्वादोन' असे अपूर्णांकी उत्तर काढावयाचे. ते काढणे सोपे असते. त्यातील पूर्ण मोटारी भरून रवाना करावयाच्या, आणि जो माल उरेल त्यावर हीच क्रिया पुन्हा करावयाची. प्रत्येक फेरीत थोडी चूक होते. पण माल भराभर घटत असल्याने फेऱ्याच थोड्या होतात. प्रत्यक्ष अर्धी मोटार नसतेच. परंतु नसलेल्या गोष्टीच्या आधाराने असलेल्या गोष्टीचा हिशेब करणे हे गणिताला वर्ज्य नाही. अर्थखात्यालाही ते वर्ज्य नाही, असे मला माझ्या अनुभवावरून म्हणता येईल.

भावांच्या वाटणीवरही या दोघांनी त्याच वर्षी एक सुरेख रीत दिली. भांडी आठ, सात, सहा, पाच आणि चार किलोंची आहेत. सामान्य पंच काय करील? मोठ्यापासून एकेक भांडे उचलून ज्याच्याकडे कमी वजन असेल त्याला देत जाईल. त्यात शेवटी एकाला सतरा आणि दुसऱ्याला तेरा मिळतात, फरक चाराचा. करमरकरांची रीत म्हणते की आताच कोणाला काही देऊ नका. दोन सर्वांत मोठी भांडी निरनिराळ्या भावांकडे जातील एवढेच ठरवा आणि त्यांच्या जागी त्यांचा फरक लिहा. आठ आणि सात यांच्या जागी एक. उरले सहा, पाच, चार, एक. सहा-पाचांच्या जागी एक. उरले चार, एक, एक. चार आणि एक यांच्या जागी तीन. मग तीन आणि एक यांच्या जागी दोन. फरक दोनाचा राहिला. कोणते भांडे कोणाकडे हे मग उलट मागे जात उलगडावयाचे. उत्तम वाटणी वास्तविक पंधरा-पंधराची आहे : आठ-सात एकीकडे, बाकीची दुसरीकडे. तेव्हा ही रीतही येथे चुकलीच. पण पंचाच्या निम्म्याने चुकली.

१९८२ ची ती हमी एकतीस वर्षे कोणाला हलविता आली नाही. २०१३ मध्ये थॉमस रोथव्हॉस यांनी ती प्रथम सुधारली, आणि पुढे रेबेका होबर्ग यांच्यासह ती केवळ अंकांच्या संख्येच्या प्रमाणात आणली. जादा मोटार एकच लागेल, अशी हमी देता येईल की नाही, हा प्रश्न आजही उघडा आहे.

हे सारे वजनाचे झाले. आमच्या तंबोऱ्याला वजन नव्हते. त्याला आकार होता. सहा फूट रुंदीच्या मोटारीत साडेतीन फूट रुंदीची पेटी ठेवली की शेजारी तशी दुसरी बसत नाही. अडीच फूट हवा नागपूरपर्यंत वाहून न्यावी लागते. माझी घनफळाची बेरीज खोटी नव्हती. ती फक्त 'याहून लहान मोटारीत मावणार नाही' एवढेच सांगू शकत होती, आणि मी तिच्याकडून 'यात मावेलच' असे वदवून घेतले. प्रश्न तिन्ही बाजूंनी वाढला की हम्याही ढिल्या होतात. काही आयत एका चौरसात बसतील का, एवढे ठरविणेसुद्धा वाटणीइतकेच कठीण आहे. त्यामुळे पेट्यांच्या बाबतीत 'एक मोटार पुरेल की दोन लागतील' हे हमीने सांगणारी झटपट रीत कोणी शोधील, अशी आशा तज्ज्ञांना नाही. १९९० पासून या त्रिमितीय प्रश्नावर माहीत असलेली उत्तम हमी तेरा पट होती. ती २०२५ मध्ये सहा पटीवर आली, आणि ज्यांनी ती आणली त्यांत मारतहळ्ळीपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरिंदम खान आणि त्यांचे सहकारी होते. मोटारी पुष्कळ असल्या म्हणजे हमी बरीच घट्ट होते; तीही त्यांनी सुमारे २.८६ वरून २.५४ वर आणली.

सहा पट! हे मी आमच्या मुकादमाला सांगितले असते, तर तो मला हसला असता. एका मोटारीच्या सामानाला सहा मोटारी मागणारा मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर राहणार नाही. पण त्याची आणि त्या गणितज्ञांची तुलना करू नये, असे मला आता वाटते. गणितज्ञाची हमी जगातील सर्वांत द्वाड पेट्यांसाठी असते. मुद्दाम छळण्याकरिता कापलेल्या पेट्यांसाठीसुद्धा ती मोडत नाही. मुकादमाची नजर कपाटे, गाद्या आणि डबे यांच्यावर तयार झालेली असते, आणि त्या मुलुखात ती कोणत्याही हमीहून पुष्कळ पुढे जाते. पण ती कोठे फसेल हे तो आधी सांगू शकत नाही. त्या दिवशी ती फसली होतीच.

आणि का फसली, तेही गणितात सापडते. आमचे सामान पाचव्या मजल्यावरून उद्वाहकाने, जसे बांधून होईल तसे, खाली येत होते. स्वयंपाकघराची लहान खोकी आधी तयार झाली म्हणून ती आधी मोटारीत गेली. मोठे नग मागून आले. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना प्रत्येक नगाची जागा तत्काळ ठरवावयाची आणि मग ती बदलावयाची नाही, असा नियम असेल, तर कितीही बुद्धिमान हमाल आणा, साध्या वजनाच्या प्रश्नातही त्याला १.५४ पटीहून चांगली हमी देता येणार नाही, हे सिद्ध झाले आहे. यंत्र कितीही वेगवान असो, ही मर्यादा सुटत नाही; कारण येथे उणीव वेळेची नसून माहितीची आहे. कचेरीत टपाल येईल तसे निकालात काढणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मुकादमाने सारे खाली काढावयास सांगितले, त्यात श्रम वाया गेल्याचे मला दुःख होत होते. वस्तुतः तो आंधळा प्रश्न डोळस करून घेत होता.

दोन वाजेपर्यंत ३८ नग मोटारीबाहेर आले आणि आधीच्या तिनांसह सारे ४१ आवारात पसरले. मुकादम एकदा त्यांच्यामधून चालत गेला, टेप न लावता. मग शीतकपाट, दोन्ही कपाटे, पलंगाच्या फळ्या. त्यांच्यामागे मोठी खोकी, पोकळ्यांत लहान. सर्वांवर गाद्या पसरल्या, आणि गाद्यांवर, छताखाली राहिलेल्या फूटभर उंचीच्या जागेत, तंबोऱ्याची पेटी आडवी सरकली. तिच्यावर ठेवावयाचे काही उरलेच नव्हते. चारला वीस मिनिटे होती. खाली एकच खोके राहिले. मुकादमाने विचारले, "साहेब, ह्यात काय हाय?" त्यात माझी एम. ए.ची टिपणे होती. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती गाडीत जाऊन बसली.

ते खोके अजून मारतहळ्ळीला शेजाऱ्यांच्या माळ्यावर आहे. नागपूरला पेटी उघडली तेव्हा तंबोऱ्याची एक तार उतरलेली होती. आईने ती खुंटी पिळून जागेवर आणली आणि सामान लावून होण्याआधीच षड्ज धरला.